वसई : तटबंदीतले पोर्तुगीज शहर

वसई : महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. उल्हास नदी जिथे वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते, त्या मुखाच्या उत्तर काठावर जुने शहर आहे. आजचे वसई-विरार महानगर वेगळे, रेल्वे स्थानकाभोवतीची वस्तीही वेगळी. या नोंदीचा विषय आहे तो खाडीकाठचा तट आणि त्याच्या आतले पडके शहर. लोक त्याला ‘वसईचा किल्ला’ म्हणतात. मराठी वाचकाला वसई म्हटले की चिमाजी आप्पांचा विजय आठवतो; तटाच्या आत दोन शतके नांदलेल्या गावाकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. लिस्बनचे लोक सुटीच्या दिवशी ओबिदुशसारखे तटबंद गाव पाहायला जातात. मुंबईकरांना त्याच जातीचे गाव लोकलच्या वाटेवर आहे.

पवईसारख्या उपनगरातून हा एका दिवसाचा प्रवास आहे. पवईला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने जोगेश्वरी किंवा अंधेरी गाठायची, तिथून विरार लोकल धरायची. भाईंदर सोडले की गाडी खाडीवरच्या पुलावर येते. वसई रोडला पश्चिमेला उतरून बस किंवा रिक्षाने वसई गाव ओलांडले की रस्ता थेट तटात शिरतो आणि शहराच्या मधून जेट्टीपर्यंत जातो. भाईंदर-वसई रो-रो सेवा २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून खाडीतूनही जाता येते. जमत असेल तर पाण्यानेच जावे, कारण हे शहर बोटीने येणाऱ्यांसाठी वसवलेले होते आणि त्याचा तट पाण्यावरून पाहिल्याशिवाय त्याची जागा का निवडली हे कळत नाही.

पवईचा आणि वसईचा संबंध जुना आहे. पवई ज्या साष्टी बेटावर आहे, त्याचा कारभार पोर्तुगीज काळात वसईकडे होता. मुंबई बेटही वसईच्याच ताब्यातले होते. १६६१ च्या विवाहतहाने ते इंग्लंडच्या राजाला मिळाले, पण साष्टी वसईकडेच राहिली. आज ज्याला आपण मुंबईचे उपनगर म्हणतो, तो मुलूख सुमारे दोनशे वर्षे वसईचा परगणा होता. उत्तर कोकणातल्या पोर्तुगीज मुलखाचे मुख्य ठाणे वसई. चौल, ठाणे, दमण ही तिच्या भोवतीची नावे. ‘उत्तरेचा जनरल’ इथे राहत असे.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह हुमायूनच्या दडपणाखाली होता. त्याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. गव्हर्नर नुनो द कुन्या याच्या हुकमाने १५३६ मध्ये बांधकाम सुरू झाले. गार्सिया द सा हा पहिला कप्तान. पुढे वस्ती वाढली तसा सुमारे साडेचार किलोमीटरचा तट तिच्याभोवती आला. सान सेबास्तियाव बुरुजाचा पाया २२ फेब्रुवारी १५५४ ला घातला गेला, त्या वेळी फ्रान्सिस्को बार्रेतो कप्तान होता. एवढ्या नेमक्या तारखा आपल्याला मिळतात त्या शिलालेखांमुळे. पोर्तुगीजांना आपले नाव दगडात कोरून ठेवायची हौस होती आणि वसईचा दगड ते नाव धरून ठेवण्याइतका टणक होता.

शहर पाहायला निघालेल्याने आधी बालेकिल्ला गाठावा. त्याच्या दरवाजावर पोर्तुगालच्या राजाची ढाल कोरलेली आहे, शेजारी आकाशगोल आणि क्रूस. आकाशगोल म्हणजे एकात एक अडकवलेल्या कड्यांचे, खलाशांच्या उपयोगाचे यंत्र. राजा मानुएलने ते आपले चिन्ह केले आणि ते ब्राझीलपासून मकावपर्यंत पोचले. वर्षानुवर्षांच्या पावसाने कडा बोथट झाल्या आहेत, तरी जवळ उभे राहिले की कड्यांमधली तिरकी पट्टी स्पष्ट दिसते. शेजारून जेट्टीला जाणाऱ्या दुचाकींवरून हे कोणाच्या नजरेस पडत नाही.

बालेकिल्ल्याबाहेरचे मोठे मैदान हा नगरचौक. युरोपातल्या छोट्या शहराला जे जे लागते ते सगळे इथे होते : नगरसभा, तुरुंग, रुग्णांची आणि अनाथांची काळजी घेणारी मिझेरिकोर्दिया ही धर्मादाय संस्था, चौकातून सरळ निघालेले रस्ते आणि फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट अशा ख्रिस्ती संन्यासी संघांचे आपापले मठ. फ्रान्सिस्कनांच्या चर्चच्या फरशीत थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांवरची नावे आणि ढाली वाचत चालावे लागते, इतक्या त्या दाटीने बसवल्या आहेत. डॉमिनिकनांचे चर्च १५८३ चे. सेंट जोसेफ हे शहराचे मुख्य चर्च. त्याच्या दारावरच्या लेखात १६०१ साली, आर्चबिशप अलेशो द मेनेझिस यांच्या काळात, ते नव्याने बांधल्याची नोंद आहे. त्याचा मनोरा शहरातला सर्वांत उंच; वरून खाडी, मीठागरे आणि पलीकडचा भाईंदरचा किनारा एका दृष्टिक्षेपात येतो. गोव्याची पांढरीशुभ्र चर्चे पाहिलेल्याला इथे आधी चुकल्यासारखे होते. इथे छप्पर नाही, चुना नाही, वेदीच्या जागी वड-पिंपळ आहेत. पण छप्पर गेल्यामुळेच कमानी कशा तोलल्या आहेत, भिंतीत लाकूड कुठे अडकवले होते, हे उघड दिसते. बांधकाम शिकणाऱ्या विद्यार्थ्याला अशी शाळा दुसरीकडे मिळणार नाही.

इटालियन प्रवासी जेमेली कारेरी १६९५ मध्ये इथे येऊन गेला. सरळ रस्ते आणि मोठा चौक त्याला आवडले, पण साथीच्या रोगाने शहराचा उत्तरेचा भाग ओस पडला होता असेही तो लिहितो. शहराबाहेरच्या बागांचे, म्हणजे नारळ, आंबे आणि ऊस पिकवणाऱ्या पाणथळ पट्ट्याचे, त्याने कौतुक केले आहे. त्या पट्ट्यातल्या वाड्या आजही केळी, फुले आणि विड्याची पाने पिकवतात. वसईची सुकेळी खाल्लेल्याला हे वेगळे सांगायला नको.

वसईचा जगातला सर्वांत प्रसिद्ध माणूस याच शहरातला. गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास इथे झाला. जेझुइटांच्या शाळेत शिकून ते जपानला गेले, तिथे व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारले गेले. १८६२ मध्ये रोमने त्यांना संतपद दिले. जेझुइट चर्च आता त्यांच्या नावाने ओळखले जाते आणि त्यांच्या सणाला तिथे भाविक जमतात. पडक्या शहरातली ही एक इमारत अशी की जिचा मूळ उपयोग संपलेला नाही.

मराठ्यांची मोहीम १७३७ मध्ये ठाण्यापासून सुरू झाली. पोर्तुगीज अमलातल्या धार्मिक जाचाला विटलेल्या स्थानिकांचा तिला पाठिंबा होता आणि अणजूरच्या गंगाजी नाईकांसारखी माणसे तिच्यामागे होती. ठाणे आणि साष्टी पडली तरी वसई दोन वर्षे टिकली. १७३९ च्या फेब्रुवारीपासून चिमाजी आप्पांनी निकराचा वेढा दिला. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे येऊन मिळाले. मे महिन्यात सुरुंग उडवून तटाला खिंडारे पाडली गेली आणि त्या खिंडारांत हजारो माणसे पडली. १६ मे १७३९ ला शरणागतीचा करार झाला. त्याच्या अटी चिमाजी आप्पांच्या चारित्र्याची साक्ष आहेत : शिबंदीला हत्यारांसह आणि नगरवासीयांना कुटुंबासह, जंगम मालमत्तेसह जाऊ दिले, त्यासाठी आठवडाभराची मुदत दिली, आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळायची मोकळीक ठेवली. एवढ्या रक्तपातानंतर दिलेला शब्द पाळला गेला, हे त्या विजयाइतकेच मोठे आहे. त्यानंतर शंकराजी केशव फडके सुभेदार झाले. आप्पांच्या नवसाचे वज्रेश्वरीचे देऊळ उभे राहिले, आणि तटाच्या आत नागेश्वराचे देऊळ आहे.

चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी विजयाची खूण म्हणून नेल्या आणि देवळांना वाहिल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची घंटा १७०७ ची, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली १७२१ ची. भीमाशंकरलाही एक आहे. मेणवलीच्या घंटेवर मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे. वसईतले मनोरे रिकामे दिसतात, त्याचे उत्तर कृष्णेच्या आणि गोदावरीच्या काठी आहे.

पुढचा इतिहास झपाट्याने संपतो. इंग्रजांनी १७७४ मध्ये साष्टी घेतली आणि पवई तेव्हापासून मुंबईच्या हिशोबात आली. जनरल गॉडर्डने डिसेंबर १७८० मध्ये वसई जिंकली, ती १७८२ च्या सालबाईच्या तहाने मराठ्यांना परत मिळाली. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने इथेच इंग्रजांशी तह करून त्यांची फौज पदरी घेतली. पाठ्यपुस्तकातला ‘वसईचा तह’ तो हाच.

आज हे स्मारक केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहे. स्थानिक दुर्गप्रेमी सुटीच्या दिवशी येऊन रान काढतात, शिलालेखांच्या नोंदी ठेवतात, शाळेच्या मुलांना फिरवतात. वसई अजून वाचता येते त्याचे बरेच श्रेय त्यांना आहे. भिंतींवर नावे कोरणारेही कमी नाहीत, आणि चारशे वर्षांच्या अक्षरांशेजारी तो ओरखडा पाहून संताप येतो. तटाबाहेर किल्लाबंदर आणि पाचूबंदर ही कोळीवाड्यांची गावे आहेत; बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात.

पावसाळ्यात झुडपे इतकी माजतात की अर्धे शहर झाकले जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम; सकाळी आठच्या आत पोचावे, पाणी बरोबर न्यावे, आणि मनोऱ्यांचे जिने अंधारे व झिजलेले असल्याने विजेरी ठेवावी. नालासोपाऱ्याचा बौद्ध स्तूप जवळ असला तरी तो याच दिवशी उरकू नये. सोपाऱ्याला आपला दिवस हवा.