लहान मुलांची भूल आणि एक साधी नळी

मुलाचं ऑपरेशन ठरलं की आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, "एवढ्याशा जिवाला भूल झेपेल का?" प्रश्न रास्त आहे. वजनाच्या मानाने बाळाला मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट ऑक्सिजन लागतो, पण फुप्फुसांतला साठा तुटपुंजा असतो. भूल चढताना श्वास अडखळला, तर बाळ फार लवकर निळं पडतं.

पूर्वी यात आणखी एक अडचण होती. भुलीची यंत्रं मोठ्यांच्या मापाची होती. त्यांतल्या झडपा ढकलत श्वास घेताना बाळ दमून जाई. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे भूलतज्ज्ञ फिलिप आयर दुभंगलेला ओठ आणि टाळू असलेल्या बाळांना भूल देत. त्यांचा स्वतःचा ओठ आणि टाळूही जन्मतः दुभंगलेले होते. बाळं फिकट पडतात, घामेजतात, धापा टाकतात, हे ते पाहत होते. 1937 साली त्यांनी उपाय प्रसिद्ध केला: इंग्रजी 'टी' अक्षरासारखी नळी. एका तोंडातून ताजा वायू येणार, दुसरं बाळाच्या श्वासनळीतल्या नळीला जोडलेलं, तिसरं उघडं. झडप एकही नाही. बाळाचा श्वास सुकर झाला.

1950 मध्ये लिव्हरपूलच्या जॅक्सन रीस यांनी उघड्या तोंडाकडच्या बाजूला शेपटीशी उघडा असलेला रबरी फुगा जोडला. आता बाळाचा प्रत्येक श्वास भूलतज्ज्ञाच्या हाताला जाणवू लागला. श्वास मंदावला की फुगा हलकेच दाबून लगेच मदत करता येऊ लागली.

तरीही ऑक्सिजन कमी झाल्याचं ओठ-नखांच्या रंगावरूनच ओळखावं लागे, आणि तोवर उशीर झालेला असे. 1974 मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी पल्स ऑक्सिमीटरची कल्पना मांडली. कोविडमध्ये तुम्ही बोटाला लावलेलं यंत्र तेच. आता रंग बदलण्याआधीच इशारा मिळतो.

या सगळ्या साखळीतली एक कडी मात्र तुमच्या हातात आहे. ऑपरेशनआधी उपाशी ठेवायला सांगतात, कारण भुलीत पोटातलं अन्न उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं. सर्दी-खोकल्याने श्वासमार्ग हुळहुळा झालेला असतो. भूल चढताना तो एकाएकी आवळला जाऊ शकतो. म्हणून मूल रडलं म्हणून बिस्किट दिलं असेल, रात्री ते खोकलं असेल, तर भूलतज्ज्ञांना जरूर सांगा. ऑपरेशन पुढे ढकललं जाईल या भीतीने लपवू नका. तारीख पुन्हा मिळते.