टायरची झीज आणि वाहन योग्यता तपासणी (भारत)

वाहन रस्त्यावर चालविण्यास सुरक्षित आहे किंवा नाही, याची पाहणी करून परिवहन विभाग जो दाखला देतो त्यास योग्यता प्रमाणपत्र म्हणतात. बोलीभाषेत यालाच गाडीचे 'पासिंग' म्हटले जाते. टायरची स्थिती हा या तपासणीचा महत्त्वाचा भाग आहे. वाहन रस्त्याला टेकते ते प्रत्येक टायरच्या साधारण तळहाताएवढ्या भागावर. ब्रेक कितीही उत्तम असले तरी त्यांचा परिणाम तेवढ्याच भागातून रस्त्यापर्यंत पोहोचतो.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ नुसार ट्रक, बस, टॅक्सी, रिक्षा आदी परिवहन वाहनांना योग्यता प्रमाणपत्र आवश्यक आहे. वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत त्याची मुदत दोन वर्षे, त्यानंतर एक वर्ष असते. खासगी वाहनाची नोंदणी मात्र १५ वर्षांसाठी होते व पुढील नूतनीकरणाच्या वेळीच तपासणी केली जाते. म्हणजे मधल्या काळात घरच्या मोटारीचे टायर पाहण्याची जबाबदारी प्रत्यक्षात मालकावरच राहते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ टायरसंबंधी आहे. टायरवरील खाचांची खोली दुचाकी व तीनचाकी वाहनांसाठी किमान ०.८ मिलिमीटर, तर इतर वाहनांसाठी १.६ मिलिमीटर असावी लागते. झिजून वा चिरून आतील धागे उघडे पडलेला किंवा एखाद्या जागी फुगलेला टायर चालत नाही. खाचांच्या तळाशी ओतलेले लहान उंचवटे झिजेची मर्यादा दाखवितात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर बदलावा लागतो. या खाचा पावसाचे पाणी बाजूला सारतात. टायर गुळगुळीत झाल्यास ओल्या रस्त्यावर तो पाण्याच्या थरावर तरंगू लागतो व गाडी चालकाच्या ताब्यात राहत नाही.

झीज व नुकसानीची लक्षणे

झिजेच्या स्वरूपावरून तिचे कारण ओळखता येते. दोन्ही कडा झिजल्या असल्यास हवा कमी, मधला पट्टा झिजला असल्यास हवा जास्त, एकच कड झिजली असल्यास चाकांचे संरेखन (व्हील अलाइनमेंट) बिघडलेले असते. कमी हवेचा टायर धावताना अधिक दबतो व तापतो. उन्हाळ्यात जादा भार व वेग यांची त्यात भर पडली की तो फुटण्याचा धोका वाढतो. म्हणून हवा टायर थंड असताना मोजावी. खड्ड्यात आपटून बाजूच्या भिंतीला आलेला फुगा सर्वांत घातक होय. आतील धागे तुटलेले असल्याने त्यावर दुरुस्ती नाही. बाजूच्या भिंतीवरील पंक्चरही काढून वापरू नये. टायर न वापरताही वयाने कडक होऊन तडकतो. त्यावरील चार अंकी संख्या उत्पादनाचा आठवडा व वर्ष दर्शविते, उदा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा.

तपासणीच्या मर्यादा

प्रमाणपत्र तपासणीच्या दिवसाची स्थिती सांगते. पासिंगपुरते चांगले टायर बसवून नंतर जुने चढविले, तर कागद वैध राहतो, गाडी नव्हे. दुसऱ्या बाजूने, अपघात होताच 'टायर फुटला' असे म्हणणेही नेहमी खरे नसते. समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ रोजी सिंदखेड राजाजवळ बसला आग लागून २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. टायर फुटल्याचे प्रारंभी सांगितले गेले. परिवहन विभागाच्या पाहणीत मात्र तसा पुरावा आढळला नाही.