धाब्याच्या पोटातला थर

घराचे छप्पर सर्वांस दिसते. परंतु घर खरोखर राखणारा थर त्याच्या पोटात दडलेला असतो. मृगापूर्वी घरदुरुस्ती निघाली म्हणजे घरोघर एकच वाद माजतो. वरचे तेवढे नवे करावे, की आतलेही उपसून काढावे? हा वाद आजकालचा नव्हे. आपल्या धाब्याइतकाच तो जुना आहे, आणि त्याचा इतिहास आपण भगिनींनी अवश्य जाणून घ्यावा असा आहे.

आपल्याकडे शेतजमिनीस ‘काळी’ आणि गावठाणास ‘पांढरी’ म्हणतात. काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते. म्हणून ती छपरास निरुपयोगी. जुन्या वस्तीच्या जागेची पांढरी, खारी माती मात्र चोपली असता घट्ट बसते व पाणी सहजासहजी आत जाऊ देत नाही. पूर्वजांनी हा गुण अनुभवाने ओळखला आणि धामणगाव बढेसारख्या गावांतून धाब्याची घरे उभी राहिली. खाली लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा कामट्या, त्यांवर कडुनिंबाचा पाला, मग चिखल आणि सर्वांत वर खारी माती, अशी ती रचना.

यातील पाल्याचा थर दिसावयास क्षुल्लक, परंतु काम मोठे करी. माती फटींतून खाली गळू न देणे, ओल लाकडापर्यंत पोचू न देणे आणि कडूपणाने किडीस दूर ठेवणे, ही ती कामे होत. ही युक्ती केवळ आपलीच नव्हे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुशास्त्रज्ञाने लिहून ठेवले आहे की, लाकडी मजल्यावर जमीन करताना फळ्यांवर आधी नेच्यांची पाने, ती न मिळाल्यास गवताचा पेंढा पसरावा. म्हणजे चुन्यापासून लाकडाचे रक्षण होते.

मग बिघडले कोठे? पाला काही वर्षांत कुजून जाई; पण तो बदलावयाचा तर सारे धाबे उकलावे लागे. त्यापेक्षा वरून चार टोपल्या माती टाकणे सोपे. दरवर्षी गळती लागे, दरवर्षी माती पडे. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर एक इंच माती घातली तर सुमारे साडेतीन क्विंटल ओझे वाढते. भिजल्यावर त्याहून अधिक. टोपल्या वाहणाऱ्या, गळतीखाली भांडी मांडणाऱ्या आणि ओल्या भिंती सारवणाऱ्या बहुधा स्त्रियाच. आत काय कुजले आहे याची पहिली वर्दी त्यांनाच मिळे. निर्णय मात्र दुसरेच करीत.

या ओझ्याचे भीषण स्वरूप ३० सप्टेंबर १९९३ रोजी दिसले. गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने हजारो माणसे झोपेतच गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीची जड माळवदे यांनीच घात केला. त्यानंतर जुनी घरे बळकट करताना मातीचा थर कमी करावा आणि तिच्याखाली पाणी न झिरपणारा थर घालावा, असा उपाय सुचविण्यात आला. म्हणजे जुनाच पाला नव्या रूपाने परत आला!

कौले व पत्रे यांचीही हीच कथा. मंगळूर येथे बाझेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला. १८६७ साली भुसावळकडून मलकापूर-अकोल्यावरून लोहमार्ग नागपुरास पोचला आणि दूरचा माल वऱ्हाडात आणणे सुकर झाले. कौल पिढ्यान्‌पिढ्या टिकते. त्याखालील तट्टी किंवा डांबरी कागद इतका टिकत नाही. म्हणून कौले उतरवली की खालचे सारे पारखून घ्यावे. सागवानी फळी कोरडी व टणक असेल, सुरीचे टोक तिच्यात रुतत नसेल, तर ती खुशाल ठेवावी. परंतु कुजलेली तट्टी, वाळवी लागलेली कामटी, खिळ्यांनी भोके पडलेला कागद किंवा प्लास्टिक यांवर नवे छप्पर चढविणे म्हणजे फाटक्या अस्तरावर भरजरी खण शिवणे होय. मजुरी एकदाच द्यावयाची, छप्पर एकदाच उघडावयाचे. मग खालच्या थराची काटकसर शेवटी महागच पडते.

भगिनींनो, यंदा घरावर गवंडी चढेल तेव्हा वरची माती किती लागेल हे विचारण्याआधी खालचा थर कसा आहे हे आपण स्वतः पाहून घेऊ या. ज्या छपराखाली आपली मुलेबाळे निजतात, त्याच्या पोटात काय आहे हे जाणण्याचा अधिकार गृहिणीचा आहे, आणि तो तिने बजावला पाहिजे.