गाडीची उंची कुणी ठरवायची?

जुन्या मोटारीचे पुढचे चाक काढले, की आत एक उभा खांब दिसतो. मध्ये जाड नळकांडे, त्याच्याभोवती वेटोळे घातलेली स्प्रिंग. वरचे टोक बॉनेटखालच्या पत्र्याला बांधलेले, खालचे टोक चाकाच्या आधाराला. कंपनीच्या पुस्तकात त्याचे नाव स्ट्रट. गॅरेजमध्ये मात्र बहुतेक जण त्याला सरळ 'पुढचा शॉकअप' म्हणतात. गाडीचे वय झाले, की नळकांड्यातले तेल पाझरू लागते. गाडी एका खड्ड्यातून जाते आणि पुढची पन्नास पावले डुलत राहते. मग मिस्त्री सांगतो, दोन्ही बाजूंचे बदला. मालक तरुण असेल तर तो हळूच विचारतो, "खोलतोच आहोत, तर जरा छोट्या स्प्रिंगा टाकता येतील का? गाडी खाली बसेल."

या एका प्रश्नामागे दोन इतिहास आहेत. एक लोखंडाचा आणि दुसरा माणसांचा. मी कवितेचा माणूस. पण ज्या मोहल्ल्यात वाढलो तिथे कुणी फिटर, कुणी डेंटर, कुणी पेंटर. वृत्त आणि छंद हे शब्द कानावर येण्याआधी पाना, बुश आणि बेअरिंग हे शब्द आले होते. म्हणून हे दोन्ही इतिहास एकत्र सांगावेसे वाटतात.

आधी लोखंडाचा. आपल्याकडच्या टांग्याला कमानी असत, तशाच कमानी पहिल्या मोटारींनाही होत्या. पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचून केलेल्या. ट्रकला आजही हे पाटे दिसतात. पाट्यांचा एक गुण असा, की त्या पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि हादरा थोडाफार आपणच जिरवतात. वेटोळ्याच्या स्प्रिंगला ही सोय नाही. ती दबते, उसळते, पुन्हा दबते. तिला थांबवायला दुसरे कुणीतरी लागते. ते काम तेलाच्या नळकांड्याचे. आत दट्ट्या असतो, त्याला बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून तेल अडखळत जाते. उसळीची शक्ती त्या अडखळण्यात उष्णता होऊन संपते. थोडक्यात, मार खाण्याचे काम स्प्रिंगचे आणि सबुरीचे काम नळकांड्याचे. ही विभागणी ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे.

ही दोन्ही कामे एकाच खांबात बसवण्याचे श्रेय अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरला दिले जाते. अशी कल्पना १९२०च्या दशकात इटलीत फियाटच्या गुइदो फोर्नाका यांनीही मांडली होती. पण ती घरोघरी पोहोचली मॅकफर्सनमुळे. दुसरे महायुद्ध संपल्यावर जनरल मोटर्सने शेव्हरोलेची एक छोटी, हजार डॉलरच्या आत बसेल अशी गाडी काढायचे ठरवले. नाव होते कॅडेट. काम मॅकफर्सनकडे होते. १९४७मध्ये कंपनीने ती योजना गुंडाळली. मॅकफर्सन त्याच वर्षी फोर्डमध्ये गेला आणि खांबाची कल्पना बरोबर घेऊन गेला. फ्रान्समधल्या फोर्डच्या व्हेदेत गाडीला आणि १९५०मध्ये इंग्लंडमधल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांना हा खांब बसला. स्वस्त गाडीसाठी सुचलेली युक्ती ती गाडी रद्द झाल्यावरही जगली.

तिचा फायदा साधा होता. सुटे भाग कमी आणि बॉनेटखाली जागा जास्त. पुढे छोट्या गाड्यांमध्ये इंजिन आडवे बसू लागले, पुढचीच चाके गाडी ओढू लागली, तेव्हा ही जागा सोन्याच्या मोलाची ठरली. १९७२ची होंडा सिव्हिक, १९७४ची फोक्सवॅगन गोल्फ या त्याच घराण्यातल्या. आपल्याकडे अँबॅसडरला पुढे पिळाचे दांडे होते. कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला पुढे वेटोळ्याच्या स्प्रिंगा होत्या, पण त्या दोन दोन भुजांवर बसवलेल्या, आणि मागे पाटे. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली आणि मॅकफर्सनचा खांब आपल्या गल्लीतल्या गॅरेजात पोहोचला. २०१४पर्यंत ती गाडी बनत राहिली, पंचवीस लाखांहून जास्त. आज आपले मिस्त्री जे काम डोळे मिटून करतात, त्याची शाळा ती गाडी होती.

आता माणसांचा इतिहास. त्यासाठी पुन्हा अमेरिकेत, पण कारखान्यात नव्हे, तर लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या वस्तीत जावे लागेल. तिथे मेक्सिकन वंशाची कुटुंबे राहत. जून १९४३मध्ये या शहरात नौसैनिकांनी आणि सैनिकांनी मेक्सिकन पोरांना रस्त्यावर गाठून मारले, त्यांचे ढगळ, ऐटदार सूट अंगावरून फाडले. आणि पोलिसांनी पकडले ते बहुतेक मार खाणाऱ्यांनाच. त्या दंगलीला इतिहासात त्या सुटाचेच नाव आहे, झूट सूट दंगल. गरिबाच्या मुलाने ऐट करावी, हे कुणाला तरी खुपले होते.

युद्ध संपले आणि याच वस्तीतली पोरे जुन्या शेव्हरोले घेऊ लागली. शहरातली बाकीची पोरे गाड्या हलक्या करून शर्यती लावत. या वस्तीने उलटे केले. डिकीत वाळूची पोती टाकली, पुढे स्प्रिंगांची वेटोळी कापली, गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली आणली आणि ती बैलगाडीच्या वेगाने व्हिटियर बुलेव्हार्डवरून फिरवली. रविवारी न्हाऊनमाखून, घरच्यांना घेऊन. वेग हा त्या देशाचा धर्म होता. ही माणसे सावकाश चालली होती. त्या गाड्यांना लोरायडर म्हणतात.

१९५८मध्ये कॅलिफोर्नियात कायदा आला. चाकाच्या लोखंडी रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कुठलाही भाग खाली येईल असा बदल करायचा नाही. या नियमाला कारण होते. टायर फुटला, तर गाडी रिमवर येते. तेव्हा रिमपेक्षा खाली काही लोंबत असेल, तर ते रस्त्यावर घासणारच. पण हा नियम आपल्याच वस्तीत, आपल्याच पोरांवर जास्त चालवला जातो, अशी तिथल्या लोकांची तक्रार राहिली. उत्तर म्हणून १९५९मध्ये रॉन अगिरे नावाच्या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटला विमानातले हायड्रॉलिक पंप बसवले. एक खटका दाबला की गाडी खाली, दुसरा दाबला की कायद्याच्या उंचीवर. पोलीस दिसला की गाडी उभी राहायची. पुढे अनेक गावांनी अशा संथ फेऱ्यांवरच बंदी घातली. शेवटी ऑक्टोबर २०२३मध्ये त्या राज्याने कायदा बदलला आणि १ जानेवारी २०२४पासून खाली आणलेल्या गाड्यांवरची आणि त्या फेऱ्यांवरची बंदी उठली. मध्ये पासष्ट वर्षे गेली. तोवर त्याच वस्तीतली 'जिप्सी रोझ' नावाची, गुलाब रंगवलेली १९६४ची इम्पाला अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत जाऊन बसली होती.

इथे मला दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. गाडी खाली आणणे हा नुसता हौसेचा मामला नाही. त्यात धोका आहे, आणि तो लोखंडाला विचारल्यावर कळतो. आठ वेटोळ्यांच्या स्प्रिंगची दोन कापली, तर उरलेली स्प्रिंग सुमारे एक तृतीयांशाने कडक होते. गॅसने तापवून ती बसवली, तर पोलादाचे पाणीच उतरते. गाडी खाली येते तेव्हा नळकांड्यातल्या दट्ट्याला वर जायला जागा कमी उरते. जुने नळकांडे तसेच ठेवले, तर प्रत्येक खड्ड्यात ते तळाला आपटते आणि नव्या कडक स्प्रिंगची उसळी त्याला आवरत नाही. म्हणून छोटी स्प्रिंग आणि तिला साजेसे नळकांडे ही जोडी बरोबरच बदलावी लागते, डावी आणि उजवी दोन्ही. मॅकफर्सनच्या खांबात तर आणखी एक गोम आहे. फार खाली आणली, तर खालचा दांडा चाकाकडे वर चढतो आणि वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते, तो बिंदू गाडीच्या वजनापेक्षा जास्त खाली उतरतो. दिसायला चपळ झालेली गाडी, स्प्रिंग पुरेशी कडक नसेल, तर वळणावर जास्तच कलू शकते. काम झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट केले नाही, तर टायर एका कडेने झिजतात. आणि खांब खोलताना स्प्रिंग दाबून धरणारे हत्यार न लावता वरचे नट सोडले, तर ती स्प्रिंग माणसाचा जीव घेऊ शकते. चांगला उस्ताद पोराला पहिल्यांदा हे शिकवतो.

जर्मनीने या धोक्याचा विचार वेगळ्या रीतीने केला. तिथे छोट्या स्प्रिंगा मिळतात, पण तपासणी होऊन मान्यता मिळालेल्या. कुठल्या गाडीला कुठली स्प्रिंग चालेल, याचा कागद तिच्याबरोबर येतो. आपल्याकडे १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम आहे. त्यावर जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. तेव्हा स्प्रिंगा घेण्याआधी आरटीओत विचारून घेणे बरे. आपल्या गतिरोधकांना विचारले तरी हरकत नाही. त्यांचे उत्तर ताबडतोब मिळते.

मग गाडीची उंची कुणी ठरवायची? माझ्या मते हा प्रश्न मिस्त्रीच्या रीतीने सोडवावा. चाक पत्र्याला घासते का, दाबून ब्रेक मारला तर गाडी सरळ थांबते का, खड्ड्यातून गेल्यावर ती एका उसळीत शांत होते का, एवढे तो पाहतो. गाडीचा मालक कोण, कुठल्या वस्तीतला, हे तो विचारत नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्याला तेवढे शिकायला पासष्ट वर्षे लागली.