सांडलेलें तेल आणि शोषून घेणारी माती

मोटारी दुरुस्त करण्याच्या कोणत्याही कारखान्यांत पाऊल टाकलें कीं पहिली नजर जाते ती जमिनीकडे. इंजिनांतून, गिअरच्या पेटींतून, झिजलेल्या गॅस्केटमधून ठिबकलेलें तेल तेथें काळेंभोर थारोळें करून पडलेलें असतें. त्यावरून पाय घसरून गडी हातांतील पान्यासह आपटतो. शेजारीं वेल्डिंगची ठिणगी उडाली तर त्याहून वाईट प्रसंग ओढवतो. आणि पाऊस आला कीं तेंच तेल गटारांतून नदीच्या वाटेला लागतें. पाण्यानें तें निघत नाहीं, फडक्यानें पुसूं जावें तर पसरतें. तेव्हां त्यावर कांहींतरी टाकावें लागतें. काय टाकावें, हा प्रश्न दिसतो क्षुल्लक. परंतु त्याच्या पाठीमागें दोन हजारांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासांत माणसांचे बळीही पडलेले आहेत.

महाराष्ट्रांतील जुन्या गृहिणीला हा प्रश्न अपरिचित नव्हता. तेलाची बुधली कलंडली तर ती त्यावर चुलींतील राख किंवा कोंडा टाकी, आणि तेल पिऊन जड झालेली राख सुपलींत भरून बाहेर नेई. तुपकट भांडीं राखेनें घांसण्यामागेंही अर्धें कारण हेंच. राखेंतील क्षार तेलाचा साबण करतो हें खरें. पण राखेचे सूक्ष्म कणही तें तेल आपल्या अंगीं घेतात. मोटारींतील तेल खनिज असल्यामुळें क्षारानें त्याचा साबण होत नाहीं. तेथें सारी भिस्त शोषणावर.

या शोषणाचा धंद्यांतील पहिला मोठा उपयोग दिसतो तो प्राचीन रोममध्यें. रोमन नागरिकाचा टोगा लोंकरीचा असे, आणि लोंकर म्हटली कीं तेलकटपणा आलाच. तो काढण्यासाठीं कापड तुडवून स्वच्छ करणारे कारागीर असत. मोठमोठ्या कुंड्यांत कापड घालून त्यावर शिळें मूत्र व विशिष्ट जातीची माती टाकावयाची आणि तासन्‌तास पायांनीं तुडवावयाचें, हा त्यांचा व्यवसाय. पाँपेई शहराच्या उत्खननांत त्यांचे कारखाने कुंड्यांसह सांपडलेले आहेत. मूत्रांतील अमोनिया मळ सैल करी आणि माती तो ओढून घेई. इ. स. ७९ मध्यें व्हेसूव्हियसच्या उद्रेकांत मृत्यू पावलेल्या प्लिनीनें आपल्या ग्रंथाच्या पस्तिसाव्या भागांत या मातींच्या जाती वर्णिल्या आहेत, आणि त्यांतच एक मौजेची गोष्ट नमूद केली आहे. फ्लामिनियस आणि एमिलियस हे सेन्सॉर असतांना (म्हणजे इ. स. पूर्वीं २२० च्या सुमारास) कापड धुण्याची रीत कायद्यानें ठरवून दिली होती: आधीं सार्डिनियाची माती, मग गंधकाची धुरी, आणि शेवटीं किमोलस बेटाची माती. हल्लींच्या काळीं एखादें सरकार साबणाच्या वडीचा क्रम कायद्यानें ठरवूं लागलें तर लोक हंसतील. परंतु रोमन लोकांना स्वस्त माती वापरून महाग वस्त्राचा रंग उडविणारा कारागीर हा फसवेगिरीचा गुन्हेगार वाटत होता.

इंग्लंडांत हीच माती राष्ट्रीय संपत्ति ठरली. तेथील ऐश्वर्य मध्ययुगापासून लोंकरीच्या व्यापारावर उभें होतें आणि सरे परगण्यांतील नटफील्ड, त्याचप्रमाणें बाथ शहराच्या आसपास उत्तम शोषक माती निघत असे. परदेशी विणकरांच्या हातीं ती पडूं नये म्हणून दुसऱ्या चार्ल्सच्या कारकीर्दींत, १६६२ सालीं, मेंढ्या व लोंकर यांच्याबरोबर या मातीच्याही निर्यातीला कायद्यानें बंदी करण्यांत आली. इंग्रजींत तिला फुलर्स अर्थ, म्हणजे कापड तुडविणाऱ्याची माती, हेंच नांव पडलें. आपल्याकडे जी मुलतानी माती म्हणून घरोघर ठाऊक आहे, जिनें केंस धुतात आणि चेहऱ्याचा तुकतुकीतपणा घालवितात, ती याच घराण्यांतली. चेहऱ्यावरील तेल काय आणि इंजिनाचें तेल काय, मातीला भेद कळत नाहीं.

पुढचा अध्याय रक्तरंजित आहे. १८४७ मध्यें इटलींतील ट्यूरिन येथें आस्कानिओ सोब्रेरो या रसायनशास्त्रज्ञानें नायट्रोग्लिसरीन हें तेलासारखें दिसणारें द्रव्य तयार केलें. धक्का लागतांच त्याचा स्फोट होई. आल्फ्रेड नोबेलनें त्याचा कारखाना काढला, आणि ३ सप्टेंबर १८६४ रोजीं स्टॉकहोमजवळ हेलेनेबोर्ग येथें झालेल्या स्फोटांत त्याचा धाकटा भाऊ एमिल इतर कित्येकांसह ठार झाला. १८६६ सालीं पनामाच्या किनाऱ्यावर एका जहाजांत व थोड्याच दिवसांत सान फ्रान्सिस्को शहरांत याच द्रव्यानें अनेकांचे प्राण घेतले. हें द्रव्य गळणारें, डब्यांच्या सांध्यांतून पाझरणारें. सारा धोका त्याच्या द्रवपणांत होता. तेव्हां त्याला एखाद्या कोरड्या पदार्थाच्या पोटांत बंदिस्त करावें असें नोबेलनें ठरविलें. लांकडाचा भुसा, कोळशाची पूड, सिमेंट असे अनेक पदार्थ त्यानें पारखून पाहिले. शेवटीं निवड झाली ती जर्मनींत मिळणाऱ्या कीझेलगूर नांवाच्या पांढरट, हलक्या मातीची. ही माती म्हणजे डायाटम या एकपेशीय पाणवनस्पतींच्या गारेच्या कवचांचा साठा. एकेक कवच पोकळ आणि असंख्य छिद्रांचें. तीन भाग नायट्रोग्लिसरीन एक भाग माती पिऊन टाकी, आणि तरीही मिश्रण हातानें मळतां येण्याजोगें राही. १८६७ सालीं पेटंट मिळालेलें हेंच तें डायनामाइट. पेटींतून गळलेलें तेल बांधणीच्या मातीनें योगायोगानें शोषिलें आणि शोध लागला, अशी कथा पुष्कळ सांगितली जाते. खुद्द नोबेलनें ती नाकारली होती. योग्य शोषक शोधून काढणें हें त्याच्या दृष्टीनें दैवाचें काम नव्हे, प्रयोगाचें होतें.

अमेरिकेंत १८५९ सालीं ड्रेकची विहीर लागली आणि खनिज तेलाचें युग सुरू झालें. पहिल्या मोटारींच्या कित्येक इंजिनांत तेल एकदां फिरलें कीं खालीं गळून जाई, परत येत नसे. त्यामुळें मोटार उभी राहील तेथें डबकें होणारच. त्यावर टाकण्यास लांकडाचा भुसा सर्वत्र सांपडे, वखारींत तो जवळजवळ फुकट मिळे. परंतु भुसा हें सरपण आहे आणि तेलानें भिजलेला भुसा अधिक चांगलें सरपण. तेलाचा डाग काढण्यासाठीं आगीची सामग्री जमिनीवर पसरावयाची, असा हा उफराटा व्यवहार होता. जवसाच्या तेलासारखीं सुकणारीं तेलें तर हवेंतील प्राणवायु घेतां घेतां स्वतःच तापतात आणि ढीग करून ठेवलेल्या चिंध्या काडी न लावतां पेटतात. इंजिनाच्या तेलाला ही खोड सहसा नसते. परंतु कारखान्यांत कोणती चिंधी कोणत्या तेलाची आहे हें संध्याकाळीं कोण पहातो? २३ फेब्रुवारी १९९१ रोजीं फिलाडेल्फिया येथील मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतींत बाविसाव्या मजल्यावर जवसाच्या तेलाच्या चिंध्या अशाच पेटल्या. ती आग विझवितांना अग्निशामक दलाचे तीन जवान प्राणांस मुकले.

न जळणारें शोषक हवें, तर पुन्हां मातीकडेच वळावें लागलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरिडांत आणि लगतच्या जॉर्जियांत फुलर्स अर्थचे मोठे साठे सांपडले होते आणि तेलें गाळून त्यांचा रंग उतरविण्यासाठीं ती माती खपूं लागली होती. जॉर्जियांतील अट्टापल्गस गांवावरून तेथील खनिजाला १९३५ मध्यें लापारां या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञानें अट्टापल्गाइट असें नांव दिलें, आणि १९४० मध्यें ब्रॅडलीनें त्याची आंतील रचना उलगडली. इतर चिकणमाती पापुद्र्यांची. ही मात्र सूक्ष्म सुयांची, आणि प्रत्येक सुईंत अरुंद बोगदे. तेलाचे थोराड रेणू त्या बोगद्यांत शिरत नाहींत. तें अडकतें सुयांच्या गुंत्यामधील पोकळींत, केशाकर्षणानें. भाजून तिचे दाणे केले म्हणजे पाण्यांतही त्यांचा चिखल होत नाहीं. याउलट १८९८ सालीं नाइटनें ज्याला नांव दिलें तें बेंटोनाइट पाणी मिळतांच फुगतें आणि निसरडें होतें. ओल्या जमिनीवर तें टाकणें म्हणजे एक घसरगुंडी काढून दुसरी घालणें.

या भाजलेल्या दाण्यांची कीर्ति मात्र कारखान्यांतून न पसरतां मांजरामुळें पसरली. मिशिगनमधील कॅसोपोलिस या लहानशा गांवीं एडवर्ड लो हा आरमारांतून परतलेला तरुण आपल्या वडिलांच्या धंद्यांत काम करीत होता. कारखान्यांच्या जमिनीवर टाकण्यासाठीं भुसा आणि शोषक माती पुरविणें हाच तो धंदा. १९४७ च्या जानेवारींत एक शेजारीण त्याच्याकडे वाळू मागावयास आली. तिच्या मांजराच्या पेटीसाठीं लागणारी वाळू थंडीनें गोठली होती आणि राख घालून पहावी तर मांजर काळीं पावलें घरभर उमटवी. लोनें वाळूऐवजीं मोटारीच्या गाड्यांतील मातीचें पोतें तिच्या हातीं दिलें. थोड्याच दिवसांत ती पुन्हां तीच माती मागूं लागली. तेव्हां त्यानें दहा पिशव्या भरून प्रत्येकीवर किटी लिटर असें लिहिलें आणि पांच पौंडांना ६५ सेंट किंमत लावली. वाळू जवळजवळ फुकट मिळत असतांना ही महाग माती कोण घेईल, अशी शंका दुकानदारानें घेतली. लोनें त्याला ती आधीं फुकट वाटावयास सांगितलें. १९९० मध्यें लोनें हा व्यवसाय विकला, तोंवर त्याची उलाढाल कोट्यवधि डॉलर्सची झाली होती. आज अनेकजण घरच्या मोटारीखालचें तेल टिपण्यास मांजराचीच माती आणतात. घरच्या घरीं आलेली ही वस्तु मुळांत कारखान्यांतली, हें त्यांतील फारच थोड्यांना ठाऊक असतें. मात्र आजच्या पुष्कळशा पिशव्यांत गोळा होणारें बेंटोनाइट असतें. तेलासाठीं पाहिजे असेल तर गोळा न होणारी जातच निवडावी.

समुद्रावर प्रश्न निराळा, कारण तेथें पाणीही आहे. १८ मार्च १९६७ रोजीं टॉरी कॅनियन हें टाक्यांचें जहाज कॉर्नवॉलजवळ खडकावर आपटलें आणि त्यांतील सुमारें १,१९,००० टन कच्चें तेल समुद्राला मिळालें. इंग्रजांनीं सुमारें १०,००० टन रसायनें शिंपडलीं आणि त्यांनीं किनाऱ्यावरील जीव तेलापेक्षांही अधिक मारले. फ्रेंचांनीं स्टिअरिक आम्लानें संस्कारलेला खडू टाकून तेल तळाशीं बुडविलें; डोळ्यांआड झालें खरें, पण समुद्रांतच राहिलें. त्यानंतरच्या काळांत पाणी नाकारून तेल धरणाऱ्या वस्तूंचा शोध अधिक जोमानें सुरू झाला. नट्टा यानें १९५४ मध्यें बनविलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या बारीक तंतूंच्या चादरी आज सर्वत्र वापरतात. निसर्गांत हा गुण सावरीच्या कापसाला उपजतच आहे. त्याच्या पोकळ तंतूवर मेणाचा पातळ थर असल्यामुळें तो पाण्यावर तरंगतो आणि स्वतःच्या वजनाच्या अनेक पट तेल धरतो. उशींत भरण्यापलीकडे त्याची किंमत आपल्याकडे फारशी कोणी केली नाहीं.

मातीलाही दोष आहे. तिच्या धुळींत स्फटिकी सिलिका असूं शकते आणि कामाच्या जागीं श्वासावाटे शरीरांत जाणारी अशी सिलिका कर्करोगास कारण होते, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९९७ सालीं दिला. म्हणून पोतें उंचावरून ओतूं नये आणि झाडूचे फटके मारूं नयेत. डागावर दाणे जाडसर पसरावे, बुटाच्या तळव्यानें ते रगडावे, कांहीं तास तसेच राहूं द्यावे. मग हलक्या हातानें झाडून पुन्हां नवा थर द्यावा. जुना, सिमेंटांत मुरलेला डाग मात्र एवढ्यानें निघत नाहीं. मातींत गेलेलें तेल नाहींसें होत नाहीं, तें तेथेंच असतें. भारतांत २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलें तेल आणि तेलानें माखलेला कचरा या दोहोंचाही समावेश आहे. तेव्हां झाडलेली माती झांकणाच्या लोखंडी डब्यांत भरून अधिकृत संकलकाकडेच द्यावी लागते.