जखम भरून आल्यावर



वसमत हें हळदीचें गांव. पूर्णा जंक्शनाहून हिंगोलीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर तें लागतें. १९४८ सालापर्यंत तें निजामाच्या राज्यांत होतें, पुढें परभणी जिल्ह्यांत राहिलें, आणि १ मे १९९९ रोजीं हिंगोली जिल्हा निराळा झाला तेव्हां त्या जिल्ह्यांत गेलें. उन्हाळ्याच्या तोंडाशीं तेथील बाजारांत हळदीच्या राशी पडूं लागतात. ही हळद बाजारांत येण्यापूर्वीं शेतावर शिजवावी लागते. पूर्वीं मोठाल्या कढयांत पाणी उकळून कंद शिजवीत. आतां पुष्कळ ठिकाणीं वाफेचें यंत्र वापरतात. विस्तव, उकळतें पाणी आणि वाफ यांच्या शेजारीं उभें राहून माणसें जें पीक तयार करतात, तेंच पुढें घरोघर मंगलाचें चिन्ह होतें. लग्नांत वधूवरांस हळद लागते, आणि संक्रांतीला शेजारणींस हळदीकुंकवाचें बोलावणें जातें.

अशा गांवांतली एखादी स्त्री चुलीपाशीं किंवा स्टोव्हपाशीं भाजली, महिनेच्या महिने रुग्णालयांत राहिली, आणि गळ्यावर, हातांवर, चेहऱ्यावर वण घेऊन घरीं परत आली, तर पुढच्या संक्रांतीला तिच्या दारीं बोलावणें जातें कीं नाहीं? प्रश्न लहान दिसतो. परंतु भाजलेल्यांच्या शुश्रूषेचा इतिहास चाळूं लागलें, म्हणजे वैद्यकानें आपलें काम पुरें केल्यावरहि हा प्रश्न शिल्लक राहिलेला दिसतो. आजच्या भाषणांत त्या इतिहासांतले कांहीं प्रसंग मी आपणांपुढें मांडणार आहें.

भाजण्याचा शास्त्रीय विचार आपल्या देशांत फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत अग्निकर्माच्या अध्यायांत प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे भाजण्याचे चार प्रकार सांगितले आहेत, आणि त्याच ग्रंथांत गालाची कातडी घेऊन तुटलेलें नाक पुन्हां घडविण्याची कृतिहि आहे. ही विद्या निव्वळ पोथींत राहिली नव्हती, याचा पुरावा पुण्याजवळ सांपडतो. १७९२ च्या सुमारास टिपूशीं चाललेल्या युद्धांत इंग्रजी फौजेबरोबर बैल हांकणारा कावसजी नांवाचा एक मराठा टिपूच्या लोकांच्या हातीं सांपडला. त्यांनीं त्याचें नाक व एक हात कापून त्याला सोडून दिलें. सुमारें वर्षभर तो तसाच हिंडला. मग पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या कारागिरानें त्याच्या कपाळाची कातडी उतरवून त्याला नवें नाक करून दिलें. ही हकीकत १७९४ सालीं लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगेझिन’ मासिकांत चित्रासह छापली गेली, आणि १८१४ सालीं जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्यानें तिकडे तसाच प्रयोग यशस्वी केला. युरोपांतील अर्वाचीन सुघटनशल्याचा प्रारंभ येथून धरतात.

शस्त्रवैद्यांच्या दृष्टीनें या गोष्टींतला महत्त्वाचा भाग कपाळाच्या कातडीचा आहे. मला दुसरीच गोष्ट लक्षांत घ्यावीशी वाटते. बैल हांकावयाला नाक लागत नाहीं. कावसजीला नाक हवें होतें तें चार माणसांत उभें राहण्यासाठीं. आपल्या भाषेंत ‘नाक कापलें गेलें’ असें आपण अब्रूविषयीं म्हणतों, त्याचा उगम याच क्रूर शिक्षेच्या आठवणींत असावा. शत्रूला हें पक्कें ठाऊक होतें कीं, चेहरा बिघडविला म्हणजे जिवंत माणसालाहि समाजांतून उठवितां येतें. आगीला असा हेतु नसतो. परंतु परिणाम पुष्कळदां तोच होतो, कारण उरलेलें काम आपण बघणारे करतों.

आतां दीडशें वर्षें ओलांडून दुसऱ्या महायुद्धाकडे येऊं. लढाऊ विमानांत पेट्रोलची टांकी वैमानिकाच्या पुढ्यांत असे. तिला आग लागली कीं काहीं क्षणांत चेहरा आणि हात भाजून निघत. असे तरुण इंग्लंडांत ईस्ट ग्रिनस्टेड या लहानशा बाजारपेठेच्या गांवीं क्वीन व्हिक्टोरिया रुग्णालयांत आणीत. तेथें आर्चिबाल्ड मॅकइंडो हा न्यूझीलंडचा शस्त्रवैद्य होता. समुद्रांत पडलेल्या वैमानिकांच्या जखमा इतरांहून बऱ्या भरतात असें पाहून त्यानें मिठाच्या पाण्याचीं स्नानें सुरू केलीं. एकेका रोग्यावर दहा-वीस शस्त्रक्रिया होत, आणि वर्षेंच्या वर्षें जात. या काळांत रोग्याचें मन कसें टिकवावें, हा प्रश्न त्याच्यापुढें उभा राहिला.

त्यानें केलेल्या गोष्टी पाहिल्या तर अगदीं साध्या आहेत. रुग्णालयाचा निळा पोशाख काढून त्यानें रोग्यांना त्यांचा लष्करी गणवेश घालूं दिला. नवीन आलेल्याच्या शेजारीं जुना रोगी असे, त्यामुळें आपलें पुढें काय होणार हें त्याला डोळ्यांनीं पाहतां येई. आणि तो गांवच्या लोकांकडे गेला. या मुलांना घरीं बोलवा, त्यांच्याकडे टक लावून पाहूं नका, आणि त्यांच्यापासून नजर चुकवूंहि नका, अशी विनंती त्यानें केली. गांवानें ती मानली. दुकानांत, नाटकगृहांत, लोकांच्या बैठकीच्या खोल्यांत हीं भाजलेलीं मुलें वावरूं लागलीं. ‘टक लावून न पाहणारें गांव’ असें ईस्ट ग्रिनस्टेडचें नांव पडलें. १९४१ सालीं रोग्यांनीं आपला एक मंडळ स्थापिला आणि आपल्यावर प्रयोग होतात म्हणून त्याला थट्टेनें ‘गिनीपिग क्लब’ असें नांव दिलें. पैसे घेऊन पळूं नये म्हणून पाय भाजलेला खजिनदार नेमला, आणि फार लांबलचक टिपणें लिहूं नये म्हणून बोटें भाजलेला चिटणीस! युद्ध संपेपर्यंत या मंडळाचे ६४९ सभासद झाले होते. जो आपल्या व्यंगावर आपल्या बरोबरीच्यांत बसून हंसूं शकतो, त्याच्या बरें होण्याला प्रारंभ झालेला असतो.

एक भेद मात्र येथें विसरून चालणार नाहीं. त्या मुलांचे वण देशासाठीं झालेले होते. गांवाला त्यांचा अभिमान वाटणें सोपें होतें. आपल्याकडची भाजलेली स्त्री घरीं येते ती वीर म्हणून येत नाहीं. तिच्या मागोमाग कुजबूज येते. स्टोव्ह खरोखरच भडकला, कीं तिनें स्वतःच लावून घेतलें, कीं सासरच्यांनीं? हुंड्याच्या छळाच्या ज्या भयंकर घटना आपल्या समाजांत घडल्या, त्यांमुळें १९८३ व १९८६ सालीं फौजदारी कायद्यांत नवीं कलमें घालावीं लागलीं. तेव्हां संशय निराधार असतो असें कोणी म्हणणार नाहीं. पोलिसांनीं व न्यायालयानें तो अवश्य घ्यावा. परंतु शेजारच्या ओट्यावर घेतलेल्या संशयाचा दंड गुन्हेगाराला न होतां जी भाजली तिलाच होतो.

मनाच्या जखमेचा पद्धतशीर अभ्यास याच युद्धकाळांत झाला. २८ नोव्हेंबर १९४२ रोजीं अमेरिकेंत बोस्टन शहरीं ‘कोकोनट ग्रोव्ह’ नांवाच्या करमणूकगृहाला आग लागून ४९२ माणसें दगावलीं. तेथील रुग्णालयांत एरिक लिंडमन या मानसवैद्यानें वांचलेल्यांशीं व मृतांच्या आप्तांशीं बोलून १९४४ सालीं शोकावर एक निबंध प्रसिद्ध केला. शोकाला स्वतःचा असा क्रम असतो, आणि ज्याला रडूं दिलें जात नाहीं किंवा जो स्वतःच तें दाबून टाकतो, त्याचा शोक पुढें विकृत रूप घेतो, असें त्यानें दाखविलें. आपल्याकडे ‘झालें तें विसर, जीव वांचला हेंच पुष्कळ’ असें सांगण्याची रीत आहे. हेतु चांगला असतो. पण ज्या बाईला आपला जुना चेहरा गमावल्याचें दुःख आहे, तिला त्या वाक्यानें दुःख करण्याचीहि बंदी होते.

त्याच वर्षीं, १४ एप्रिल १९४४ रोजीं, मुंबईच्या गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. जहाजांत दारूगोळा आणि कापूस एकत्र भरला होता. पेटलेल्या कापसाचा वर्षाव शहरावर झाला. शेंकडों माणसें मेलीं, त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर पाळतात, आणि तो पाळलाच पाहिजे. परंतु आगींतून जे उरतात त्यांच्यासाठीं आपल्या पंचांगांत दिवस नाहीं. आणि उरणारे थोडे नाहींत : जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें भारतांत दरसाल १० लाखांहून अधिक माणसें मध्यम किंवा गंभीर स्वरूपांत भाजतात.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रांत उपचारांची सोय वाढली. १९५८ सालीं नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. बालकृष्णन् यांनीं सुघटनशल्याचा स्वतंत्र विभाग सुरू केला. मुंबईस जे. जे. रुग्णालयांत डॉ. नोशीर अंटिया यांनीं हें शास्त्र वाढविलें. पुण्याजवळ कोंढव्यास कुष्ठरोग्यांच्या चेहऱ्यांवर व हातांवर शस्त्रक्रिया करतांना त्यांनीं ओळखलें होतें कीं, रोग गेला तरी चेहऱ्यावरची खूण राहते, आणि त्या खुणेपायीं माणूस गांवाबाहेर राहतो. २००० सालीं मुंबईच्या शीव रुग्णालयांत मरणोत्तर दान केलेल्या त्वचेची पेढी निघाली. मराठवाड्यांत पहिलें वैद्यकीय महाविद्यालय १९५६ सालीं औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, निघालें. १९८८ सालीं नांदेडास आणि २०२४ सालीं हिंगोलीस. रुग्णालय वसमतच्या जवळ जवळ येत गेलें, असें म्हणावयाला हरकत नाहीं.

कायदाहि पुढें सरकला. २०१३ सालीं आम्लहल्ल्याचा स्वतंत्र गुन्हा झाला, त्याच वर्षीं २ ऑक्टोबरपासून महाराष्ट्रांत ‘मनोधैर्य’ योजना सुरू झाली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत आम्लहल्ल्यानें पीडित झालेल्यांचा नांवानिशीं समावेश झाला. ज्वाळेनें किंवा उकळत्या पाण्यानें भाजलेल्यांचा तसा निराळा उल्लेख त्यांत नाहीं. त्यांचें अपंगत्व हातपाय किती चालतात यावरून मोजतात; चार लोकांत जाण्याची जी धास्ती बसते ती मोजण्याचें माप कोणत्याहि कचेरींत नाहीं.

म्हणून हें उरलेलें काम घराचें आणि गांवाचें आहे. तें कसें करावें, हेंहि भाजलेल्यांनींच शिकविलें आहे. इंग्लंडांत जेम्स पार्ट्रिज हा तरुण १९७० सालीं, अठराव्या वर्षीं, मोटारीच्या आगींत भाजला. १९९२ सालीं त्यानें ‘चेंजिंग फेसेस’ ही संस्था काढली. लोक गोंधळतात ते बहुधा दुष्टपणानें नव्हे, काय बोलावें तें न सुचल्यामुळें. म्हणून आपणच प्रथम बोलावें, डोळ्याला डोळा द्यावा, आणि प्रश्नाला एका वाक्यांत उत्तर देऊन विषय बदलावा, ही कला तो शिकवीत असे. परंतु ही कला साधावयाला वेळ लागतो. जखम मिटली तरी वण मऊ व्हावयाला वर्ष-दीड वर्ष जातें. त्या काळांत खाज सुटते, सांधे आंखडतात, झोपेंत आग दिसून माणूस दचकून उठतो. रुग्णालयांत सारेच भाजलेले असतात. खरी परीक्षा घरीं परतण्याच्या दिवशीं सुरू होते. तेव्हां घरांतला आरसा चोरून लपवूं नये, आणि समोर आणूनहि धरूं नये. तिला हवा तेव्हां तो हाताशीं असावा. तिचें काम तिला परत द्यावें. लहान मुलानें ‘मावशी, हें काय झालें?’ असें विचारलें तर त्याला दटावून गप्प करूं नये. ‘भाजलें होतें, आतां दुखत नाहीं’ एवढें उत्तर मुलाला पुरतें, आणि बहुधा मावशीलाहि सोपें जातें.

हळदीच्या गांवाला आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ताज्या भाजण्यावर हळद लावूं नये. वीस मिनिटें थंड वाहतें पाणी सोडावें, स्वच्छ फडकें झांकावें आणि रुग्णालय गांठावें. हळदीची जागा त्या दिवशीं नाहीं. तिची जागा पुढें आहे, वर्षा-दीड वर्षानें, संक्रांतीच्या संध्याकाळीं. वण पडलेल्या कपाळावर शेजारणीनें हात न आंखडतां हळदीकुंकूं लावलें, वाण दिलें, आणि इतरांना विचारतात तसें तिलाहि ‘तिळगूळ कसा झाला?’ असें विचारलें, म्हणजे शस्त्रवैद्याच्या हातून अपुरा राहिलेला उपचार पुरा झाला. ईस्ट ग्रिनस्टेड हीहि एक साधी बाजारपेठच होती. तिनें जें केलें त्याला विद्या लागली नाहीं आणि पैसाहि लागला नाहीं. वसमतला तें करतां येईल, आणि आपण ज्या ज्या गल्लींत राहतों तेथेंहि करतां येईल.