ठासणीची लक्ष्यवेधी रायफल : प्रतिकृती आणि ऐतिहासिक पुरावा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये निर्माण झालेल्या व्हिटवर्थ रायफलीविषयी एक प्रश्न अभ्यासकांपुढे स्वाभाविकपणे उभा राहतो. नेमाच्या चाचणीत जी निर्विवाद श्रेष्ठ ठरली, ती सैन्याची सर्वसाधारण बंदूक का होऊ शकली नाही? चाचण्यांच्या तक्त्यांवरून याचे पूर्ण उत्तर मिळत नाही. ते मिळण्यास या शस्त्राच्या आधुनिक प्रतिकृतींचे मोठे साहाय्य होते.

त्या काळी ब्रिटिश सैन्याकडे १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल होती. हिच्याच काडतुसांच्या चरबीविषयीच्या संशयाने १८५७ मध्ये हिंदुस्थानातील शिपायांच्या असंतोषाचा भडका उडाला. तिच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच असून आतील पन्हळी ७८ इंचांत एक वेढा घेत. मँचेस्टरचे यंत्रविशारद जोसेफ व्हिटवर्थ यांनी हा व्यास ०.४५१ इंचांवर आणला, नळीचा अंतर्भाग षट्कोनी केला आणि २० इंचांत एक वेढा दिला. लांबट, जड गोळीस जलद फिरकी मिळून ती दूरवर स्थिर राहू लागली. १८५७ च्या चाचणीत या रायफलीने एनफील्डवर स्पष्ट मात केली. पुढे २ जुलै १८६० रोजी विम्बल्डन येथे राणी व्हिक्टोरियाने ४०० यार्डांवरून झाडलेली तिची गोळी लक्ष्याच्या मध्यापासून दीड इंचाच्या आत लागली.

परंतु राणीची रायफल अगोदरच भरून, नेम साधून एका बैठकीवर जखडलेली होती. तो बार नळीच्या गुणाची साक्ष देतो. ती भरणाऱ्या हातांविषयी काहीच सांगत नाही.

सोरा, कोळसा व गंधक यांच्या काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळाल्यावर घन अवशेषरूपाने उरतो आणि त्याची काजळी नळीत साचते. एनफील्डची गोळी नळीहून बारीक असे व बार उडताच फुगून पन्हळींत बसे. म्हणून काजळी साचली तरी ती आत लोटता येई. व्हिटवर्थची गोळी नळीत नेमकी बसणारी असल्याने थोड्याच बारांनंतर ती भरणे कष्टाचे होई. शिवाय तिच्या निर्मितीस खर्चही अधिक लागे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील पार्कर-हेल या संस्थेने एनफील्ड व व्हिटवर्थ या दोन्हींच्या प्रतिकृती काढल्या. नंतर इटलीतील कारागिरांनीही त्या बनविल्या. ठासणीच्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मूळ शस्त्रे व प्रतिकृती यांचे वर्ग वेगळे ठेवले जातात. अशी प्रतिकृती हाती घेणाऱ्या नवशिक्यास प्रथम नेम नव्हे, तर क्रम शिकावा लागतो. दारू काळीच हवी. आधुनिक धूरविरहित दारू भरल्यास नळी फुटू शकते. दारूचे माप प्रत्येक वेळी सारखे ठेवावे लागते. गोळी गजाने थेट दारूवर टेकवावी लागते. मध्ये पोकळी राहिल्यास धोका संभवतो. त्यानंतरच टोपी चढवावयाची. बारानंतर गजास ओलसर चिंधी लावून नळी पुसावी, तेव्हाच पुढील बार पहिल्यासारखा लागतो.

स्पर्धेच्या मैदानावर या क्रमास पुरेसा अवकाश असतो. रणांगणावर तो नसतो. व्हिटवर्थची अचूकता नळीइतकीच या सावकाश कृतीवर अवलंबून होती, म्हणूनच १८६० च्या राणीच्या पारितोषिकाच्या अंतिम फेरीत ८०० ते १,००० यार्डांवर ती शोभली, पण सामान्य पलटणीत रुजली नाही. १८६६ मध्ये ब्रिटिश सैन्याने मागून भरावयाची स्नायडर बंदूक स्वीकारली आणि हा वादच मागे पडला.

या पुराव्यास मर्यादाही आहे. प्रतिकृतीचे पोलाद व दारू आजची असल्याने तिच्या नेमाचे आकडे जुन्या काळास लावणे युक्त नव्हे. ती विश्वसनीय साक्ष देते ती कृतीच्या क्रमाची, तिला लागणाऱ्या वेळेची व श्रमाची. मराठीने या शस्त्रास ‘ठासणीची बंदूक’ म्हटले. त्या नावात पोलादाचा वा नेमाचा उल्लेख नाही. भरण्याच्या कृतीचा आहे. इतिहासकारानेही शस्त्राचा विचार करताना त्या कृतीस गौण मानू नये.